व्यवस्थापनातील पीएचडी कोणाच्या खर्चाने?

पीएचडी करून काय दिवे लावणार, अशा आशयाचा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विचारला गेला, त्यावरून राज्यभर गदारोळ उठला आणि यथावकाश तो विरलाही. प्रश्न मात्र विरला नाही. आमच्या रत्नागिरीत शिक्षकांच्या खोलीत, संस्थाचालकांच्या बैठकीत, लग्नकार्यात शेजारी बसलेल्या नातेवाइकांच्या बोलण्यातही तो अधूनमधून डोके वर काढतो, आणि संशोधनाचा विषय वाणिज्य किंवा व्यवस्थापन असला की त्याला अधिकच धार चढते. एका बाजूचे म्हणणे असे की, एमबीए शिकवणाऱ्या संस्था लाखांनी शुल्क घेतात, एमबीए झालेली मुले लाखांनी कमावतात, मग त्याच विषयात डॉक्टरेट करणाऱ्याला सरकारने का पोसावे? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, शिक्षण हा हक्क आहे, म्हणून पीएचडीची प्रत्येक जागा विनाशुल्क हवी आणि प्रत्येक संशोधकाला अधिछात्रवृत्ती हवी. वरवर पाहता ही मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोन्ही बाजू शुल्काची पावती हातात धरूनच बोलतात. त्या पावतीच्या बदल्यात नेमके कोणते काम होणार आहे आणि ते कोणाला हवे आहे, हे दोघांपैकी कोणीही विचारत नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट करते. व्यवस्थापनात पूर्णवेळ पीएचडी करणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये आणि त्याला घर चालेल एवढी अधिछात्रवृत्ती दरमहा, ठरल्या तारखेस द्यावी. त्याच वेळी अशा जागा थोड्या ठेवाव्यात, निवड कडक असावी, आणि राज्याबरोबर एमबीएच्या शुल्कावर चालणाऱ्या संस्थांनीही खर्चाचा वाटा उचलावा. मोठ्या पगाराची नोकरी सांभाळून, बढतीसाठी किंवा नावामागे डॉक्टर लागावे म्हणून हा अभ्यास करणाऱ्यांकडून शुल्क घेतले तर माझी हरकत नाही. पूर्णवेळ संशोधक हा संस्थेचे गिऱ्हाईक नसतो. तो तिथे काम करणारा माणूस असतो आणि त्याच्या कामाचा लाभ त्याच्यापेक्षा इतरांना अधिक होतो. कोकणात राहून मी हे अधिक ठामपणे म्हणते, कारण इथल्या हजारो घरांचे वर्षाचे गणित ज्या प्रश्नांवर अवलंबून आहे, ते प्रश्न केवळ कोणाला अभ्यासणे परवडत नाही म्हणून तसेच पडून आहेत.

आज परिस्थिती काय आहे? नेट परीक्षेत वाणिज्य आणि व्यवस्थापन हे दोन्ही विषय आहेत, आणि त्यातून जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. ही रक्कम सन्मानाने जगण्यास पुरेशी आहे, पण ती मिळवणारे थोडे. केंद्रीय विद्यापीठांत जेआरएफ नसलेल्या संशोधकासाठी दरमहा ८,००० रुपयांची योजना आहे. ती बंद करण्याचे ऑक्टोबर २०१५ मध्ये ठरले तेव्हा दिल्लीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कार्यालयासमोर विद्यार्थी ठाण मांडून बसले होते. राज्य विद्यापीठांत तेवढाही आधार नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांनी आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना मोठा हात दिला, पण तिथेही जागांची संख्या आणि हप्ते मिळण्याची वेळ यांसाठी मुलांना आंदोलने करावी लागली. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती २०१८ मध्ये सुरू झाली, तिची रक्कम दरमहा ७०,००० ते ८०,००० रुपये. परंतु तिचा रोख विज्ञान आणि तंत्रज्ञानाकडे. राहता राहिला व्यवस्थापनाचा तो विद्यार्थी, जो जेआरएफच्या काठावरून परतला आणि ज्याच्या मागे घरचा पैसा नाही. राज्य विद्यापीठात त्याला भरावे लागणारे शुल्क तुलनेने कमी असते, खासगी आणि अभिमत विद्यापीठांत ते सगळे मिळून काही लाखांवर जाते. मात्र त्याचा सर्वांत मोठा खर्च कोणत्याच पावतीवर छापलेला नसतो. तो म्हणजे चार-पाच वर्षांचा बुडालेला पगार.

माझी एक तरुण सहकारी तासिका तत्त्वावर शिकवते आणि घाटावरच्या एका विद्यापीठात अर्धवेळ पीएचडी करते. मार्गदर्शकांना भेटायचे तर ती पहाटेची एसटी पकडते. वर पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असते, मार्गदर्शक परीक्षेच्या कामात अडकलेले असतात, दुपारी प्रगती अहवालावर सही मिळते, प्रकरण वाचायचे पुढच्या खेपेवर जाते आणि रात्री ती पुन्हा रत्नागिरीच्या स्टँडवर उतरते. त्या दिवसाच्या तासिका बुडाल्या म्हणजे मानधनही बुडते. एकदा शुल्काची मुदत उलटली, तेव्हा विलंब शुल्क धरून भरलेली रक्कम तिच्या जवळपास दोन महिन्यांच्या मानधनाएवढी झाली होती. पण मला खरे दुःख तिच्या पैशाचे नाही, तिच्या विषयाचे आहे. तिला आंबा बागायतदार आणि दलाल यांच्यातील उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेच्या, व्यवहाराचा अभ्यास करायचा होता. त्यासाठी सलग दोन हंगाम बागांतून आणि बाजारातून फिरावे लागले असते. ते जमेना, म्हणून तिने विषय बदलून बँकेच्या ग्राहकांचे समाधान हा घेतला. त्याची प्रश्नावली महाविद्यालयात बसून, ओळखीच्या लोकांकडून, दोन रविवारांत भरून घेता आली. ती मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि तिने जे केले ते तिच्या जागी कोणीही केले असते.

ज्या विषयावर तिला पाणी सोडावे लागले, तो काय होता? पावसजवळच्या एका बागायतदाराकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे आणि त्यात वाशीच्या बाजारातून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, हंगामवार दोऱ्याने बांधून ठेवलेल्या आहेत. एकेका पट्टीवर पेट्यांची संख्या, प्रतवारीनुसार भाव, खाली मोटारभाडे, हमाली, तोलाई, वाराई, आणि शेवटी आधी घेतलेली उचल वजा केलेली. पावसाळा संपला की फवारणीच्या औषधांसाठी आणि राखणदाराच्या पगारासाठी ही उचल घ्यायची, मग माल त्याच दलालाकडे पाठवायचा, आणि आपल्या आंब्याला काय भाव मिळाला हे पट्टी हाती आल्यावर समजून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. यात दलालाला खलनायक ठरवण्याची मला घाई नाही. ज्या महिन्यांत बँक दारात उभे करत नाही त्या महिन्यांत पैसे तोच देतो, आणि हंगाम फसला तर त्याचेही पैसे अडकतात. पण या उचलीचे खरे व्याज किती पडते? ते भावात दडलेले असते काय? जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. त्यानंतर बागायतदाराच्या हाती पडणारी रक्कम वाढली, की ती कपात दुसऱ्या कुठल्या नावाने पट्टीवर परत आली? ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा एका पेटीमागे किती रुपये लाभ झाला आणि तो साखळीत कोणाच्या खिशात गेला? या प्रश्नांची उत्तरे अशा शेकडो डब्यांत दोऱ्याने बांधून पडलेली आहेत. ती काढायला घरोघर जाऊन, विश्वास मिळवून, कागद उलगडून बसणारा माणूस हवा, आणि तो माणूस रविवारपुरता असून भागत नाही.

याच आंब्याच्या झाडाविषयी मात्र आपण असे वागलो नाही. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासून उभे आहे, दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले, आणि तिथल्या संशोधकांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना, पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून सिंधू अशा जाती दिल्या. वेंगुर्ला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काजूच्या जाती तर आज कोकणाबाहेरही लावल्या जातात. फळझाडाच्या संकराला फळ धरून त्याची पारख व्हायला वर्षानुवर्षे जातात. त्या सगळ्या काळात संशोधकांचा पगार सरकारी तिजोरीतून गेला आणि ते योग्यच झाले. तुम्ही संकर करता तर त्याचे शुल्क भरा, असे त्यांना कोणी सांगितले नाही, कारण जात सिद्ध झाली की लाभ सगळ्या बागायतदारांना होणार हे सर्वांना दिसत होते. मग झाडावर आंबा कसा धरावा याचे संशोधन सार्वजनिक कार्य, आणि झाडावरून उतरलेल्या आंब्याचे पैसे कसे व्हावेत याचे संशोधन खासगी हौस, असा भेद कोणत्या तर्काने करायचा? बागायतदाराच्या संसाराला दोन्ही सारखीच लागतात. मासेमारीचीही हीच गोष्ट आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात माशाचा अभ्यास होतो. मिरकरवाड्याच्या जेटीवर मालक, तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, आणि खलाशी यांच्यात वाटा कसा ठरतो, डिझेलचा खर्च आधी कोण सोसतो, यांचा अभ्यास व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने करायला हवा, आणि तो करणारे क्वचित भेटतात.

आता विरोधी मुद्द्यांकडे येते, कारण त्यातले काही वजनदार आहेत. व्यवस्थापन हे कमाईचे क्षेत्र आहे, तेव्हा शिकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने शिकावे, हे म्हणणे एमबीएबद्दल मला बव्हंशी मान्य आहे. एमबीएची पदवी नोकरीच्या बाजारात दोन वर्षांत आपली किंमत वसूल करते. गरीब मुलासाठी शिष्यवृत्ती आणि कर्ज यांची सोय असली की तिथे शुल्क घेण्यात गैर काही नाही. पण एमबीए आणि पीएचडी एकाच इमारतीत चालतात म्हणून दोन्हींचे अर्थशास्त्र एकच होत नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये एमबीएच्या दोन वर्षांचे शुल्क वीस लाख रुपयांहून अधिक आहे, आणि तिथेच पीएचडी करणाऱ्याकडून शिक्षणशुल्क न घेता उलट विद्यावेतन दिले जाते. पैशाचा हिशेब ज्यांना उत्तम समजतो अशा संस्था हे औदार्य म्हणून करत नाहीत. उद्या वर्गात शिकवणारे आणि शिकवण्याजोगे काही शोधून काढणारे लोक त्यांना इथूनच मिळणार असतात. तीस वर्षे मिळकत देणारे झाड लावताना रोपाकडून भाडे मागायचे नसते, हे आमच्या बागायतदाराला कोणी शिकवावे लागत नाही.

हा धडा अमेरिकेनेही चुकून मगच घेतला. १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या पैशातून तिथल्या व्यवसाय-शिक्षणाची झाडाझडती घेणारे दोन अहवाल प्रसिद्ध झाले. बिझनेस स्कूल गर्दीने भरलेली आहेत, पण अभ्यासक्रम कारकुनी आहे आणि शिकवणाऱ्यांना संशोधनाची बैठक नाही, असा त्यांचा एकंदर सूर होता. त्यावर उपाय म्हणून इमारती बांधण्यापेक्षा डॉक्टरेट करणाऱ्यांच्या अधिछात्रवृत्तीवर आणि शिक्षकांच्या घडणीवर फोर्ड प्रतिष्ठानाने पैसा ओतला. आज तिथल्या नामांकित बिझनेस स्कूलमध्ये एमबीएचे शुल्क डोळे पांढरे करणारे असते, तर पीएचडीला शुल्कमाफी आणि विद्यावेतन हा रिवाज आहे. १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबादची आयआयएम उभी राहिली तीही फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने, आणि डॉक्टरेटच्या तोडीच्या अभ्यासाला शुल्काऐवजी विद्यावेतन ही रीत त्यांनी उचलली. विशेष म्हणजे तेव्हा या संस्थांना पदवी देण्याचा अधिकारही नव्हता. तो २०१७ च्या कायद्याने आला, तोवर संशोधकाला ‘फेलो’ एवढीच उपाधी मिळे, आणि तरीही चांगले विद्यार्थी तिथे गेले, कारण पाच वर्षे पोटाची चिंता न करता अभ्यास करता येत होता. महाराष्ट्रातील जिल्ह्याजिल्ह्यांत एमबीए आणि बीएमएसची महाविद्यालये आपण उभी केली, त्यांना शिक्षक कुठून येणार याचा विचार मात्र त्या शिक्षकाच्याच खिशावर सोडला.

कर्ज घेऊन शिकावे, हा सल्ला मला विशेष खटकतो. पाच वर्षांनी तासिका तत्त्वावरच्या मानधनावर उभे राहणाऱ्या माणसाने ते कर्ज कशातून फेडावे? ज्याला ते फेडण्याची चिंता नाही तोच मग या वाटेला जाईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. कोकणात व्यवस्थापनाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक मोजके, म्हणजे जागाही मोजक्याच. एवढ्या दुर्मीळ जागा ज्याची शुल्क भरण्याची ऐपत आहे त्याच्याकडे जाऊ लागल्या, तर आपण बुद्धीची निवड करतो आहोत की ऐपतीची?

सर्वांत जड मुद्दा वेगळाच आहे आणि तो माझ्या मनात घर करून असतो. कोकणात पटसंख्या घटली म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांना कुलूप लागते आहे, वाडीवरून रुग्णाला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरची जागा रिकामी असते. अशा वेळी पीएचडीवर पैसा खर्च करणे शोभते काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला उडवून लावण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि दोहोंपैकी एकच निवडायचे असेल तर मीही शाळाच निवडीन. पण रक्कम मांडून तरी पाहू. जेआरएफच्या दराने एका संशोधकाला दोन वर्षे ३७,००० आणि पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये दिले, तर पाच वर्षांत बरोबर २४ लाख रुपये होतात. संपूर्ण कोकणासाठी दरवर्षी व्यवस्थापनाचे पाच नवे संशोधक घ्यायचे ठरवले, तर योजना पूर्ण भरात आल्यावर वर्षाला १ कोटी २० लाख रुपये लागतील. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या टापूसाठी ही रक्कम एवढी मोठी आहे काय, की तिच्यामुळे एखादी शाळा बंद पडावी? आणि वाडीवरची शाळा ओस का पडते याच्या मुळाशी गेले, तर तिथेही बागेचे आणि होडीचे न जुळणारे गणितच सापडते. तरुण माणूस चाकरमानी होऊन मुंबईला जातो, त्याच्यामागून मुलेही जातात. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्या पर्यटनातून गावातल्या निवास-न्याहारीवाल्या घराला खर्च वजा जाता काय उरते, याचा पाच वर्षे सलग केलेला हिशेब आपल्याकडे असता, तर पुढचा निधी कुठे टाकायचा हे ठरवणे सोपे झाले नसते काय?

यावर लोक म्हणतात, आज जे प्रबंध होतात ते पाहा आणि मग बोला. हे बोलणे मला झोंबते, कारण ते बरेचसे खरे आहे. शोधगंगा हे प्रबंधांचे भांडार सर्वांना खुले आहे. तिथे वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या प्रबंधांची शीर्षके चाळली तर ‘अमुक जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’ हे शेपूट किती वेळा येते ते कोणीही पाहू शकतो. आत काही शे लोकांनी भरलेली, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशा उत्तरांची प्रश्नावली असते, टक्केवारीची कोष्टके असतात, आणि ग्राहक समाधानी असले तरी सेवेत सुधारणेस वाव आहे हा निष्कर्ष असतो. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून येण्याची सक्ती होती तेव्हा पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले होते. ती सक्ती २०२२ च्या नियमावलीने काढली हे चांगले झाले. अशा प्रबंधांवर सार्वजनिक पैसा घालवू नये, हे मलाही मान्य आहे. पण असे प्रबंध कोण लिहिते? बहुतेक वेळा नोकरी, घर आणि प्रवास यांतून उरलेल्या वेळात, स्वतःच्या पैशाने, बढतीची अट पुरी करण्यासाठी झगडणारा शिक्षक. सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी लागते, महाविद्यालयाच्या मूल्यांकनात पीएचडीधारक शिक्षकांची संख्या मोजली जाते, माहितीपत्रकात ती छापली जाते. लाभ संस्थेला आणि खर्च त्या माणसाला, अशा व्यवस्थेतून सर्वांत स्वस्तात आणि लवकर होणारा प्रबंधच बाहेर पडणार. विनापैशाच्या संशोधनाचे फळ दाखवून संशोधनाला पैसा नाकारणे म्हणजे खत-पाणी न घातलेल्या कलमाला आंबा धरला नाही म्हणून बागच तोडायला निघणे आहे. नुसत्या पैशाने दर्जा येत नाही, हे खरेच. म्हणून दोन वर्षांनी बाहेरच्या जाणकारांसमोर काम मांडावे लागावे, आणि ते निकस ठरले तर अधिछात्रवृत्ती थांबावी. जेआरएफमध्ये दोन वर्षांनी असा आढावा आहेच. तो उपचार म्हणून न उरता खरा व्हायला हवा.

खरा अभ्यासक पैशावाचून अडत नाही, असेही एक मत आहे, आणि कोकणात ते सांगताना महामहोपाध्याय काण्यांचे नाव हमखास घेतले जाते. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचा हा माणूस मुंबईत वकिली करत धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत राहिला. पहिला खंड १९३० मध्ये आला, शेवटचा १९६२ मध्ये, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु बत्तीस वर्षे एका कामाला जुंपून घेणारा माणूस शतकात एखादा निपजतो, आणि धोरण त्याच्या भरवशावर आखायचे नसते. शिवाय काण्यांचा विषय ग्रंथालयात बसून होणारा होता. उचलीचा व्यवहार ग्रंथालयात सापडत नाही.

याच कोकणातले दुसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. मंडणगड तालुक्यातील आंबवडे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. विषय अर्थशास्त्राचा होता, सार्वजनिक वित्तव्यवहाराचा होता. आजच्या भाषेत कमाईच्या क्षेत्राला लागून असलेलाच. पुढे लंडनमध्ये अभ्यास चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये तो अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून उसने घेतलेली रक्कम त्यात घातली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली ती १९२३ मध्ये. शिष्यवृत्ती आणखी थोडी वर्षे चालू राहिली असती, तर मधला खंड पडला नसता. एवढ्या असामान्य बुद्धीच्या माणसालाही पैसा संपताच परतीची बोट धरावी लागली, तिथे आमच्या सामान्य विद्यार्थ्यांनी जिद्दीवर निभावून न्यावे असे आपण कोणत्या तोंडाने सांगतो?

त्याच इतिहासातून एक अट आणि एक सावधगिरीही घेता येते. शिक्षणानंतर संस्थानाची चाकरी करण्याचा करार बडोद्याने घातला होता. आपणही अधिछात्रवृत्ती घेणाऱ्याला तीन वर्षे कोकणातल्या महाविद्यालयात शिकवण्याची अट घालावी, असे मला वाटते; सार्वजनिक पैशाची एवढी परतफेड रास्त आहे. पण करारानुसार बडोद्याला गेलेल्या आंबेडकरांना जातीमुळे राहायला जागा मिळेना, कचेरीत सन्मान मिळेना, आणि त्यांना ती नोकरी सोडून मुंबईला यावे लागले. एका बाजूनेच पाळला जाणारा करार टिकत नाही, हे तिथे दिसले. म्हणून बंधन घालणाऱ्या राज्याने त्या तीन वर्षांसाठी मंजूर पद आणि पूर्ण वेतन यांची हमी आधी द्यावी. तासिका तत्त्वावर राबवून घेण्यासाठी कोणी कोणाला बांधून घेऊ नये.

उरला प्रश्न पैसा आणायचा कुठून. राज्याचा वाटा धरूनही माझा आग्रह आहे की एमबीए चालवणाऱ्या संस्थांनी यात यावे. समजा एका महाविद्यालयात प्रत्येक वर्षी ६० अशी दोन वर्षांची मिळून १२० मुले आहेत आणि वार्षिक शुल्क १ लाख रुपये आहे, तर जमा १ कोटी २० लाख होते. एका संशोधकाचे पहिल्या वर्षाचे ३७,००० रुपयांच्या दराने ४ लाख ४४ हजार होतात, म्हणजे जमेच्या चार टक्क्यांहून कमी. कोकणातल्या लहान महाविद्यालयांना हेही जड जाईल हे मी जाणते. तिथे जागा रिकाम्या राहतात आणि सरकारकडून येणारी शिष्यवृत्तीची प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही. म्हणून हा भार एकेका महाविद्यालयावर न टाकता राज्यभराचा एक निधी करावा आणि मुंबई-पुण्याच्या भरभक्कम संस्थांकडून तो प्रामुख्याने उभा राहावा. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरवणारे प्राधिकरण २०१५ च्या कायद्याने आपल्याकडे आहेच. शुल्क मंजूर करताना संशोधनासाठीचा टक्का वेगळा काढून ठेवण्याचे बंधन तिथूनच घालता येईल. मात्र तो टक्का विद्यार्थ्याच्या शुल्कात वाढ करून काढू नये. कंपन्यांतील अधिकाऱ्यांसाठी नोकरी सांभाळून करायचे डॉक्टरेटचे अभ्यासक्रम भरपूर शुल्क घेऊन चालवले जातात, त्यांच्या जमेतला हिस्साही याच निधीत यावा. माझ्या सहकारीसारखे मानधनावरचे अर्धवेळ संशोधक या रांगेत बसत नाहीत. त्यांचे शुल्क त्यांच्या पीएचडीचा आकडा माहितीपत्रकात छापणाऱ्या संस्थेने भरावे.

आणखी एक गोष्ट मला अधिछात्रवृत्तीच्या नियमांत लिहिलेली हवी आहे. व्यवस्थापनाचे बहुतेक प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात. ज्या बागायतदाराने आपला पत्र्याचा डबा उघडून दिला, ज्या खलाशाने आपला वाटा सांगितला, त्याला त्यातून काय निघाले हे मराठीत, चार-पाच पानांत, त्याच्या वाडीत जाऊन सांगितल्यावाचून शेवटचा हप्ता मिळू नये.

आणि पहिला हप्ता कधी मिळावा, हेही हंगाम पाहूनच ठरावे. पाऊस थांबला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उचलीचे व्यवहार सुरू होतात, मग फवारण्या, मग मोहोर, आणि मार्च ते मे पट्ट्या येत राहतात. वित्तीय वर्षाच्या अखेरीस, मार्चच्या गडबडीत मंजूर झालेली अधिछात्रवृत्ती संशोधकाच्या खात्यात पोहोचेपर्यंत पेट्या वाशीला गेलेल्या असतात आणि त्याचे एक वर्ष हातचे जाते. प्रवेश जूनमध्ये व्हावा, पैसे सप्टेंबरपूर्वी जमा व्हावेत, आणि त्या मुलाला किंवा मुलीला नवरात्राच्या सुमारास पावस, देवगड, केळशी यांपैकी कुठल्यातरी गावात खोली भाड्याने घेऊन राहता यावे.